प्राचार्यांच्या हातावर टाकलेला दुपट्टा

मी बैलबाजारातला दलाल. चौथीत शाळा सुटली. पुढे जे कमावलं ते जिभेवर आणि बोटांवर. आमच्याकडे भाव तोंडाने बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर दुपट्टा टाकायचा आणि आत बोटं दाबून सौदा करायचा.

मुलगी नऊ वर्षांची असताना तापाने तिचे डोळे गेले, कानही गेले. वाचा तेवढी राहिली. मग बाजारातली बोटं मी घरी आणली. आधी दाबून हो-नाही, पुढे तळहातावर एकेक अक्षर. तिच्या आईने पुस्तकंच्या पुस्तकं अशी तिच्या हातावर लिहिली. लेखनिक घेऊन पोरगी मॅट्रिक झाली.

प्रवेशासाठी तिला घेऊन कॉलेजात गेलो. प्राचार्य म्हणाले, "घरून परीक्षा देऊ द्या. वर्गात बसून तिला काय कळणार?"

"कसं कळते ते दाखवतो ना सायेब!" मी त्यांचा हात धरला आणि सवयीने वर दुपट्टा टाकला.

ते ताडकन उठले. "लाच देता मला? चला, बाहेर व्हा!"

माझं डोकंच फिरलं. टेबलावर मूठ आपटली. "दुपट्टा झटकून पाहा! काय हाय त्यात?"

टेबलाचा हादरा शेजारी बसलेल्या मुलीपर्यंत पोचला. तिने माझं मनगट धरलं. "बाबा, भांडून राहिले काय? चूप बसा." मग तळहात पुढे केला. "सर, काय पुसायचं ते माह्या हातावर लिवा."

प्राचार्य घुटमळले. मग बोटाने हळूहळू लिहिलं. तिने मोठ्याने वाचलं, "कॉलेजात का यायचं आहे?" आणि लगेच उत्तर दिलं, "घरी आई म्हणते तेच खरं. मले चार पोरींशी वाद घालून शिकायचं हाय."

प्राचार्यांना हसू आलं. त्यांनी पुन्हा लिहिलं: एक महिना बसून बघ.

"महिनाभरात तर वर्गाचं दारही सापडणार नाही, सर. सहामाही परीक्षेपर्यंत पाहा."

मी तिचं बोट दाबत होतो: अट नको, अट काढ! तिने हात सोडवून घेतला. प्राचार्य "बरं" म्हणाले. मी तिच्या जागी असतो तर विनाअट प्रवेश घेतला असता, हे मी आजही सांगतो. आणि त्या 'लाच' शब्दाबद्दल त्या गृहस्थाने कधी माफी मागितली नाही, तेही.

कारकुनाने पालकाची सही मागितली. मी सही करेपर्यंत पोरगी कठड्याला धरून जिना चढून गेली होती. वरून खणखणीत आवाज आला, "बाबा, सतरा पायऱ्या हायेत!"

खाली उभी असलेली सगळी पोरं वर बघू लागली.