कपाळाला लावलेली माती

त्या प्रकरणाचा विषय निघाला की आजही माझं डोकं फिरतं. नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि मी कोल्हापुरातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. शहराबाहेरच्या जागा दमदाटीने बळकावणारी एक टोळी तेव्हा माजली होती. एका निवृत्त शिक्षकांनी जागा सोडायला नकार दिला, तेव्हा तोंडं बांधून आलेल्या चौघांनी त्यांचा हात मोडला.

रुग्णालयात जबाब देताना शिक्षक म्हणाले, "साहेब, एकानं मला धरायच्या आधी वाकून माती कपाळाला लावली."

मी चमकलो. कुस्तीला भिडण्याआधीची ही पैलवानाची सवय! खबऱ्याला तालमींकडे पिटाळलं. त्याने बातमी आणली, "कोडोलीकडचा एक पैलवान हाय. गुडघा गेल्यापासनं मैदानात न्हाय, पण खुराक जोरात चालू हाय." दूध, बदाम, मटण पुरवणारा टोळीचा म्होरक्याच होता. पण पुरावा कुठे होता?

पैलवानाला उचललं. मारहाण त्याने लगेच कबूल केली. कुणी पाठवलं, असं विचारलं की एकच पालुपद, "ज्याचं खाल्लं, त्याचं नाव न्हाय घेणार." म्होरक्या मोकळा राहिला, तर शिक्षकांची जागा गेलीच म्हणून समजा.

कोठडीची मुदत संपत आली, तेव्हा मी त्याच्या वस्तादांना, म्हणजे तालमीतल्या गुरूंना, बोलावून घेतलं. म्हातारा आत येताच कडाडला, "मास्तराच्या अंगावर हात टाकलास? हेच शिकवलं व्हय रं तुला?"

पैलवान आधी पाया पडला. मग म्हणाला, "गुडघा मोडून खाटंवर पडलोतो वस्ताद. तालमीतला एक बी आला न्हाय. तुम्ही बी न्हाय. ते तेवढे आले."

"माझ्याकडं द्यायला काय हुतं रं?"

"द्यायचं कशाला? बघायला तरी यायचं की!"

वस्ताद मटकन बाकावर बसले. धोतराच्या सोग्याने तोंड पुसून म्हणाले, "चुकलं माझं. आता आलोय न्हवं? बोल."

पैलवानाने नाव सांगितलं. म्होरक्या आत गेला, शिक्षकांची जागा वाचली. पैलवानालाही शिक्षा झाली आणि ती व्हायलाच हवी होती.

पोरं गुन्हेगारीकडे का वळतात, यावर मोठमोठी माणसं भाषणं ठोकतात. हाव म्हणे, वाईट संगत म्हणे! अहो, तो खाटेवर पडला होता तेव्हा तुम्ही सगळे होता कुठे? कुस्ती मारली की हलगी लावून त्याला खांद्यावर नाचवणारं हेच शहर ना? त्याच्या दारात जायला सवड मिळाली ती फक्त एका गुंडाला.

पुढे वस्ताद दर भेटीच्या दिवशी तुरुंगाच्या फाटकावर दिसायचे. एकटेच असायचे.