बाई, दात दाखवा

मला सूड घ्यायचा होता आणि मी तो घेतला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं वाचताना कुणी माझ्या पश्चात्तापाची वाट बघत बसायला नको. तो आहे थोडा, पण सुडाच्या मानानं फारच लहान आहे.

दुष्काळाच्या साली आम्ही करकंबहून सोलापूरला आलो. वडील गिरणीत लागले, गिरणीमागच्या चाळीत एक खोली मिळाली. चाळीतल्या झाडून सगळ्या बायका मिसरी लावायच्या. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची आणि ती पूड बोटानं दातांवर घासत बसायचं. कुणाच्या घरी भाजणं चाललं की अख्ख्या चाळीला ठसका लागायचा. आई लावायची, शेजारणी लावायच्या आणि त्यांच्या तेरा-चौदा वर्षांच्या पोरीही लावायच्या. त्याला व्यसन कुणी म्हणत नव्हतं. व्यसन म्हणजे पुरुषांची दारू. मिसरी म्हणजे दात घासणं.

मी सातवीत असताना माझी दाढ दुखायला लागली. दोन दिवस मी रडून काढले. शेवटी आईनं स्वतःच्या मिसरीतली चिमूट माझ्या दाढेवर दाबली आणि म्हणाली, "गिळू नगंस. थुकत ऱ्हा." डोकं गरगरलं, मी भिंतीला टेकून बसले, पण कळ थांबली. आठवड्यानं दाढ दुखायची थांबली, मिसरी काही गेली नाही. त्या साली पोटभर भाकरी रोज मिळेलच असं नव्हतं, आणि मिसरी लावली की भूक मरायची. आठवीत जाईपर्यंत मी दिवसातून चारदा लावत होते. सकाळी लावल्याशिवाय पोट साफ होत नसे. बामच्या रिकाम्या डबीत भरून, कंपासपेटीत ठेवून मी ती शाळेतही न्यायची.

आमची शाळा मुलींची. मराठी आणि आरोग्य शिकवायला एक बाई होत्या. पंचेचाळिशीच्या, एकट्या राहणाऱ्या, कडक खळ घातलेल्या पातळातल्या. हातरुमाल कायम ओठांपाशी. त्यांनी कविता वाचायला घेतली की मागच्या बाकावरच्या मुलीही गप्प व्हायच्या, हे मला आजही कबूल करावं लागतं. दर सोमवारी प्रार्थना झाली की त्या रांगेतून फिरून नखं, केस आणि दात तपासायच्या.

मी बरेच सोमवार चुकवले. कधी ताप, कधी पोटदुखी. एका सोमवारी सापडले.

"आ कर."

मी तोंड उघडलं. त्यांनी माझी हनुवटी धरली, मला रांगेतून ओढून पुढं नेलं आणि सगळ्या शाळेसमोर उभं केलं.

"आता सगळ्यांना दाखव. मोठा आ कर. अजून मोठा."

मी आ करून उभी राहिले. लाळ गळायला लागली तरी तोंड मिटायची परवानगी नव्हती. पाचवीतल्या पोरी हसत होत्या. बाई म्हणाल्या, "बघून घ्या. तेरा वर्षांची मुलगी आणि म्हातारीचं तोंड. घरात संस्कार नसले की असं होतं."

तेवढ्यावर ते संपलं असतं तर मी कदाचित विसरले असते. दुसऱ्या दिवशी त्यांनी आईला बोलावलं. आई शाळेत पहिल्यांदाच येत होती. तिनं ठेवणीतलं लुगडं नेसलं, पायात शेजारणीच्या चपला घातल्या. ऑफिसात बाई खुर्चीवर होत्या, आई उभी होती.

"तुम्ही मुलीला मिसरी लावता?"

"दाड दुकत होती, बाई. म्हनून जरा..."

बाईंनी तिला बोलू दिलं नाही. "तुमचंच तोंड काळं आहे, तुम्ही मुलीला काय शिकवणार? आरशात बघता का कधी?"

आईनं पदर तोंडावर घेतला आणि मान हलवत राहिली. घरी येईपर्यंत रस्ताभर तिनं तो काढला नाही. ऊन असं होतं की डांबर चपलेला चिकटत होतं, आणि ती पदरातून श्वास घेत चालत होती. घरी येऊन ती मला रागावलीसुद्धा नाही. चूल पेटवायला बसली. त्या दिवशी मी ठरवलं, या बाईला मी असंच सगळ्यांसमोर उभं करणार. तेरा वर्षांच्या मुलीच्या अंगात किती राग मावतो याची मोठ्या माणसांना कल्पना नसते.

आधी मी मिसरी सोडली. आरोग्यासाठी नाही, बाईंच्या हातात माझ्याविरुद्ध काही राहू नये म्हणून. पहिले आठ दिवस नरकाचे. डोकं ठणकायचं, हात थरथरायचे, भूक अशी लागायची की मी ज्वारीच्या लाह्या खिशात भरून दिवसभर चघळायची. धाकट्या बहिणीला उगाच मारायची. मन पुन्हा मिसरीकडं वळायला लागलं की बाईंचा आवाज आठवायची, "अजून मोठा." तेवढ्यानं तो दिवस निभायचा. कुणी प्रेमानं सांगून माझी मिसरी सुटली नसती. रागानं सुटली.

त्याच सुमारास मला हवं होतं ते सापडलं. मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीमागच्या टाकीवर मी पाणी प्यायला गेले होते. टाकीपलीकडं बाई पाठमोऱ्या उभ्या होत्या. डाव्या हातात छोटी चांदीची डबी, उजव्या हाताचं बोट तोंडात. त्या दातांवर तपकीर घासत होत्या. मग त्यांनी चूळ भरली, रुमालानं ओठ टिपले आणि घंटा झाल्यावर आम्हाला आरोग्य शिकवायला आल्या.

तपकीर म्हणजे तंबाखूच. आमची तव्यावर काळी केलेली, त्यांची वस्त्रगाळ केलेली, एवढाच फरक. मी हे कुणाला सांगितलं नाही. चांगल्या जागी खर्च करायचं म्हणून मनात ठेवलं.

नववीत शाळेचं मंत्रिमंडळ निवडायचं होतं. मी आरोग्यमंत्रिपदाला उभी राहिले. मिसरी सोडलेली मुलगी म्हणून माझं नाव झालं होतं, मी निवडून आले. बाईंना केवढा आनंद झाला! त्यांनी मला जवळ बोलावून नवा ब्रश दिला. म्हणाल्या, "त्या दिवशी मी फार कडक वागले. पण बघ, तुझं भलं झालं की नाही?"

मी म्हणाले, "हो बाई." मनात म्हणाले, थांबा.

पाच-सहा महिने मी त्यांची लाडकी होते. आता दातांची तपासणी मीच करायची. ज्यांचे दात काळे असतील त्यांची नावं वहीत लिहून बाईंना द्यायची, आणि बाई त्यांना वर्गात बोलावून एकेकीशी दार लावून बोलायच्या. समोर उभं करणं त्यांनी बंद केलं होतं. हे मी पाहत होते. पाहूनही माझा राग कमी होत नव्हता, उलट वाढत होता. इतरांशी नीट वागता येतं, मग माझ्या आईशी का नाही आलं?

त्या नावांत सहावीतली एक मुलगी होती. घरी तेलुगू बोलायची, आई आणि ती दोघी विड्या वळायच्या. मिसरी घासून तिचं बोट पिवळं पडलं होतं. बाईंनी तिच्याकडून महिनाभर रोज सकाळी दात दाखवून घेतले. ती मला "अक्का" म्हणायची आणि लांबूनच ओठ वर करून हसायची, पांढरे झाले का बघ म्हणून.

मग आरोग्य सप्ताह आला. शेवटच्या दिवशी पटांगणात सभा होती. पाहुणे म्हणून एक डॉक्टर, शेजारी मुख्याध्यापक, बाजूच्या खुर्चीवर बाई. काही पालकही होते. आईला मी मुद्दाम आणलं होतं. ती मागं बायकांत बसली होती. मला अहवाल वाचायचा होता. बाईंनीच तो माझ्याकडून तीनदा वाचून घेतला होता.

मी तो नीट वाचला. टाळ्या झाल्या. मग मी कागद खाली ठेवला आणि म्हणाले, "विद्यार्थिनींची तपासणी पूर्ण झाली आहे. शिक्षकांची राहिली आहे. आपण बाईंपासून सुरुवात करू."

कुणीतरी हसलं. ही गंमत आहे असं डॉक्टरांना वाटलं असावं, तेही हसले. मी बाईंच्या खुर्चीसमोर जाऊन उभी राहिले.

"बाई, दात दाखवा."

त्यांचा चेहरा कसा उतरला ते मी जवळून पाहिलं. रुमाल आपोआप ओठांवर गेला. मुख्याध्यापक उठले, "ए मुली, हा काय प्रकार आहे?" मी हलले नाही. मला इतकं बरं वाटत होतं की पाय जमिनीवर आहेत की नाही ते कळत नव्हतं.

"मोठा आ करा, बाई. सगळ्यांना दिसू दे."

बाई उठल्या. मला वाटलं थोबाडीत देतील, निदान निघून जातील. त्यांनी रुमाल काढला, शाळेकडं तोंड केलं आणि आ केला. हिरड्यांपाशी दात तपकिरी, मागचे दोन नाहीतच.

मग त्या शांतपणे म्हणाल्या, "तपकीर आहे. तेराव्या वर्षापासून लावते. दाढ दुखत होती म्हणून आईनं लावली. मला सोडता आली नाही. हिला आली."

एवढं बोलून त्या खाली बसल्या.

खरं सांगते, त्या क्षणी माझा सर्वांत जास्त संताप झाला. त्या रडल्या असत्या, खोटं बोलल्या असत्या, मला मारलं असतं तर माझं काम पुरं झालं असतं. त्यांनी खरं सांगून माझा सूड अर्ध्यावर तोडला. तरी अर्धा मिळालाच. तो मी सोडणार नव्हते. मागं वळून मी आईकडं पाहिलं. ती खाली बघत होती.

पुढचं फार झटपट झालं. माझं मंत्रिपद गेलं, वडिलांना बोलावून समज दिली गेली. बाईंकडून आरोग्याचा विषय काढून घेतला. पालकांची एक बैठक झाली, तिला आईही गेली होती. मुख्याध्यापक म्हणाले, हा घरचा प्रश्न आहे, शाळा दात बघायला नाही. पालक म्हणाले, आम्ही दिवसभर गिरणीत, पोरी शाळेच्या ताब्यात, शाळेनं बघावं. एक गृहस्थ म्हणाले की सरकारनं तंबाखूच बंद करावी, आणि बोलून झाल्यावर तळहातावर तंबाखू-चुना मळायला लागले. चहा झाला, बैठक संपली. सोमवारची तपासणी बंद झाली, ती माझं शिक्षण संपेपर्यंत पुन्हा सुरू झाली नाही.

आई त्या बैठकीवरून आली ती पेटलेलीच.

"झालं तुजं समाधान?"

"तुझ्यासाठीच केलं मी. त्या तुला काय बोलल्या ते विसरलीस?"

"मी कशाला इसरू? माजं तोंड हाय, मला म्हाईत हाय ते. पर मी तुला सांगितलं हुतं का, तिला हुबी कर म्हनून? ती वंगाळ बोलली, ते खरं. पर पोरींच्या तोंडात बगणारी तेवढी एकच हुती की गं. आता कोन बगणार? मी बगू, ह्या तोंडानं?"

मी म्हणाले, "कुणी नाही बघितलं तरी चालेल."

दुसऱ्या दिवशी आई एकटीच बाईंच्या घरी गेली. तासाभरानं आली. काय बोलणं झालं ते तिनं कधी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही, कारण मला फार चीड आली होती. ज्या माणसासाठी मी भांडले, तेच माणूस शत्रूच्या घरी जाऊन बसलं होतं.

बाई नंतरही आम्हाला मराठी शिकवत राहिल्या. माझ्याकडं एकदाही रागानं बघितलं नाही, खरं तर बघितलंच नाही. माझ्या निबंधाला पूर्वीसारखेच चांगले गुण द्यायच्या. मला तेही सहन व्हायचं नाही.

सहावीतली ती मुलगी दोन-तीन महिन्यांनी मला टाकीवर भेटली. मी सवयीनं म्हणाले, "दात बघू." तिनं ओठ घट्ट मिटले. मी हनुवटी धरायला गेले तर मान झटकून म्हणाली, "तू आता मंत्री नाहीस." आणि पळून गेली. तिच्या फ्रॉकच्या खिशात काहीतरी डबीसारखं वाजत होतं. पुढच्या वर्षी ती शाळेत आली नाही. विड्यांच्या कामाला पूर्णवेळ लागली असं कळलं.

तिची आठवण आली की मला झोंबतं. ते माझ्याच खात्यावर आहे, हे मला माहीत आहे. पण त्या पटांगणातली दुपार आठवली की आजही सगळ्यात आधी वर येतो तो आनंद. खुर्चीवरून उठणाऱ्या बाई, खाली येणारा तो रुमाल. तो आनंद मी कुणाला दिलेला नाही आणि बाईंची माफीही मागितलेली नाही. बऱ्याच वर्षांनी बाई वारल्याचं कळलं तेव्हा मी कामावर होते. हातातलं काम पुरं केलं, मग घरी गेले, आणि त्या रात्री मला जेवण गेलं नाही.