भरलं आणि भरलंच

ती घटना आठवली की आजही माझा लिहिता हात थबकतो.

हिंजवडीच्या पलीकडे उसाच्या शेतात एक छोटं हेलिकॉप्टर कोसळलं होतं. एका लग्नात फुलं उधळायला ते निघालं होतं. उधळणारे वाटेत बसायचे होते, त्यामुळे आत पायलट एकटाच होता. त्याचा पाय मोडला, जीव वाचला. टाकी कोरडी होती. पंचनामा चालू असताना शेताचा मालक म्हणाला, "सायेब, आमाला आवतण न्हाय, आन् वऱ्हाड थेट उसात!"

दुपारी आमच्या पोलीस ठाण्यात निनावी फोन आला. "तेल भरणाऱ्याने तेल विकलंय. त्याला धरा."

हेलिपॅडवर तेल भरणारे हे पन्नाशी उलटलेले, पेठेत पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या मुस्लिम घरातले गृहस्थ. सगळे त्यांना चाचा म्हणत. मी त्यांना बोलावून घेतलं. तोवर पायलटचा जबाब आला होता. हेलिकॉप्टरमधला तेलाचा काटा अडकायचा, म्हणून तो चाचांना विचारूनच निघायचा. त्या दिवशीही विचारलं होतं.

"चाचा, तेल भरलं असं तुम्ही सांगितलंत?"

"भरलंच म्हणालो, साहेब."

"म्हणजे भरलं होतं?"

"नाही, साहेब."

माझा आवाज चढला. "माझी चेष्टा करता?"

"पाइप आणायला वळलो, तेवढ्यात मॅनेजरनी फाटकावर बोलावलं. परत येतो तर कॅप्टन हवेत." त्यांनी हात जोडले. "काय शिक्षा द्यायची ती द्या. पण चोर लिहू नका. उद्या मोहल्ल्यात कुठल्या तोंडाने फिरू?"

माझा विश्वास बसला नाही. मी हवालदारांना हाक मारली, "यांचा जबाब लिहिला का?"

"लिहिलाच, साहेब!"

मी कागद मागितला. वर फक्त तारीख होती.

"अहो, हा तर कोरा आहे."

"म्हणूनच 'लिहिलाच' म्हणालो, साहेब. आता बसतोच आहे."

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. मी खुर्चीत मागे टेकलो. रोज बायकोला फोनवर 'आलोच' सांगतो, तेव्हा मी तरी कुठे निघालेलो असतो?

दुसऱ्या दिवशी सकाळी साठा तपासला. तेल जागच्या जागी होतं. तसाच कोथरूडच्या इस्पितळात गेलो. पायलट केरळचा, इथे राहून मराठी शिकलेला. मी त्याला 'भरलंच'चा अर्थ सांगितला: अजून भरलं नाही, आत्ता भरतो.

"मला वाटायचं, 'च' म्हणजे नक्की," तो म्हणाला. "पण झाकण उघडून बघणं माझं काम होतं, सर. माझा पुरवणी जबाब घ्या. चाचांना सांगा, पाय बरा होईल."

निरोप ऐकून चाचांनी डोळे पुसले. म्हणाले, "मी जाताना सांगून जायला हवं होतं. तेही लिहा."

ते लिहिलं आणि सगळा जबाब वाचून दाखवला. त्यांनी त्या 'च'वर बोट ठेवलं. "हा असाच राहू द्या."

चोरीचा गुन्हा दाखल झाला नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. लिहिलेलं म्हणजे खरं, असं मी मानत आलो होतो, आणि एक अक्षर गाळून एका सरळ माणसाला चोर ठरवणार होतो. यातून किती शिकलो, ते मला नीट सांगता येणार नाही. पण निवृत्त होईपर्यंत प्रत्येक जबाब मी वाचून दाखवला, आणि समोरचा 'बरोबर' म्हणेपर्यंत पेनाला टोपण लावलं नाही.