चिनी मालिकेतला तेली

२००१ साल. माझं वय एकाहत्तर. इस्राएलात किर्यात मलाखी गावी, भारतातून आल्यावर सरकारने दिलेल्या त्याच फ्लॅटात मी आणि बायको राहत होतो. माझी शाळा मराठी चौथीपर्यंत, तीही धड नाही. लिहिण्यात चुका सापडतील त्या सापडू देत. जे झालं ते सांगतो, आणि आजही सांगताना माझं डोकं तापतं.

मुलगा काब्लान झाला होता, म्हणजे कॉन्ट्रॅक्टर. गावाच्या टोकाला नवीन घरं उठत होती, त्यांचं टाईल्सचं काम त्याच्याकडे, आणि हाताखाली सगळी चिनी माणसं. आम्हाला हिंदी सिनेमे बघता यावेत म्हणून त्याने छपरावर डिश बसवून दिली होती. आमच्या बाथरूमच्या टाईल्स निघाल्या तेव्हा त्याने त्यांच्यातलाच एक माणूस पाठवला. किडकिडीत, चाळिशीचा. तो आत ठोकठोक करत होता आणि मी बाहेर रिमोटशी खेळत होतो. एक चिनी चॅनेल लागलं. जुन्या काळातली मालिका. लांब अंगरखे घातलेली माणसं, पुढून डोकं भादरलेलं, मागे कमरेपर्यंत वेणी. आणि एकदम समोर घाणा आला. आमच्यासारखा नव्हता, दगडाचं मोठं चाक होतं. पण बैल तोच, डोळ्यांवर झापडं तीच, आणि तेच गोल गोल फिरणं. माझा हात रिमोटवर थांबला. मागे बघतो तर तो माणूस थापी हातात धरून दारात उभा. मी त्याला खुर्ची दिली.

घाणा बघून मी का थांबलो ते सांगतो. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले यहुदी. अलिबागेकडच्या गावात आमचा धंदा तेल गाळायचा. शुक्रवारचा सूर्य खाली गेला की माझे आजोबा बैलाच्या मानेवरचं जू काढायचे, झापडं सोडायचे, त्याच्या कपाळाला हात लावायचे आणि त्याला मोकळा करायचे. शनिवारभर घाण्याला कोणी शिवायचं नाही, मग गिऱ्हाईक दारात उभं राहो नाहीतर परत जावो. म्हणून गाव आम्हाला शनवार तेली म्हणे. तोरा, म्हणजे आमचा धर्मग्रंथ, हातात धरून वाचणारा आमच्यात कोणी नव्हता, हिब्रूचं अक्षर कोणाला येत नव्हतं, पण शनिवार आम्ही सोडला नाही. इथे आलो तेव्हा मोठ्या दाढीवाल्या धर्मगुरूंनी आम्हालाच विचारलं, तुम्ही खरे यहुदी कशावरून? मी त्या कचेरीत उभा राहून मोडक्या हिब्रूत सांगितलं की आमच्या बैलाला विचारा. ते हसले. मी नाही हसलो.

असो. मालिका दर शुक्रवारी दुपारनंतर लागायची. शुक्रवारी साईटवरचं काम दुपारी सुटायचं, की हा आंघोळ करून, केस चापून आमच्याकडे हजर. मला तो सबा म्हणायचा, म्हणजे आजोबा. बायको त्याला चहा आणि करंजी द्यायची. खाली इंग्रजी अक्षरं यायची, ती मला कुठली वाचता येणार. मग तो त्याच्या दहा-वीस हिब्रू शब्दांत आणि हातवाऱ्यांनी मला गोष्ट सांगायचा. तेल्याचा पोरगा. बाप मेलेला, सावकाराने घाणा ओढून नेलेला. पोरगा शहरात हमाली करतो, शेवटी स्वतःचा घाणा उभा करतो. आम्ही दोघांनी त्या पोराला अगदी डोक्यावर घेतलं होतं. त्याने पहिला घाणा मांडला त्या दिवशी या माणसाने माझ्या मांडीवर थाप मारली.

पुढे पोरगा शेठ झाला आणि बिघडला. हे माझं मत. माझ्या मुलाचं मत वेगळं.

मुलगा एका शुक्रवारी लवकर आला. उन्हाळा होता, शब्बाथचे, म्हणजे शनिवार लागतानाचे, दिवे लावायला वेळ होता. बायको मनुकांचं शरबत गाळत होती. आम्ही दोघे टीव्हीसमोर, मुलगा मागे उभा राहिला. मालिकेत त्या लोकांचा नव्या वर्षाचा सण आला होता. घाण्यावरचे कामगार गाठोडी बांधून गावी निघालेले. एवढ्यात सरकारी तेलाची मोठी ऑर्डर आली. शेठने दरवाजे लावून घेतले. सणात घाणा चालू. बैल दमून गुडघ्यावर बसला, तर त्याच्या जागी माणसं जुंपली. ऑर्डर पुरी झाली. मग ढोल, फटाके, दारावर लाल कापड, नवीन पाटी. मुलाने मागून टाळी वाजवली.

तो हिब्रूत म्हणाला, "बघा अब्बा, माणूस वर येतो तो असा."

माझ्या शेजारचा माणूस खाली बघत होता. मी त्याला विचारलं, तुझ्या घरी नवं वर्ष कसं करतात? तो म्हणाला, बायको करते, मुलगी करते, आपण इथे. मुलाने त्याच्या खांद्याला हात लावला आणि सांगितलं, उद्या सहाला, सगळे जण, खिडक्या बंद ठेवून आतलं काम करायचं.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मी विचारलं, उद्या म्हणजे? उद्या शब्बाथ आहे. मुलगा म्हणाला, घराची चावी द्यायची तारीख जवळ आली आहे, बरेच शनिवार असंच चाललं आहे, यात नवीन काही नाही. बरेच शनिवार! म्हणजे मी आमच्या देवळात, सिनेगॉगमध्ये, पहिल्या बाकावर बसत होतो तेव्हा माझं नाव लावणारा मुलगा गावाच्या टोकाला घाणा फिरवत होता. आणि देवळातल्या निम्म्या लोकांना ते ठाऊक असणार, त्या रस्त्यानेच तर येतात सगळे. एकाने तोंड उघडलं नाही.

चिनी माणसाने मला हाताने खूण केली, नको, सबा, बोलू नका. त्याचं भय मला कळत होतं. मुलाने उद्या सांगितलं की हा नको, तर त्याला विमानात बसवून परत चीनला पाठवतील. कळत होतं म्हणूनच माझा त्याच्यावरही संताप झाला. मी त्याला घरी जायला सांगितलं. बायकोने त्याच्या हातात करंज्यांची पुडी दिली.

मग मी मुलाकडे वळलो. तू स्वतः काम करतोस का उद्या, मी विचारलं. तो म्हणाला, छे, मी कसा करीन, मी यहुदी आहे. हे लोक यहुदी नाहीत अब्बा, त्यांना शब्बाथ नाही, कशाचा दोष नाही.

मी म्हटलं, "आपला बैल काय यहुदी होता?"

मग तो मराठीत बोलला. राग आला की त्याला मराठी येतं. "तुमचा बैल, तुमचा घाणा. जन्मभर दर शनिवारी हात बांधून बसलात, काय मिळालं? इथे येऊन फॅक्टरीत एका मशीनवर म्हातारे झालात. मला नाही तसं व्हायचं."

"मशीनवर मी स्वतः उभा राहिलो," मी म्हटलं, "पण त्याला मी कोणाला बांधलं नाही."

बायको मध्ये पडली. अहो, दिवे लावायची वेळ झाली, आज नको. आणि त्याला म्हणाली, बस रे, शरबत झालंय. मी म्हटलं, माझ्या टेबलावर तो बसेल तो उद्याचं काम बंद करून आणि त्या माणसांना दिवसाची मजुरी देऊन. तो म्हणाला, हा माझा धंदा आहे, तुम्हाला यातलं कळत नाही. दार आपटून गेला. बायकोने दिवे लावले, हात डोळ्यांवर धरले ते बराच वेळ काढले नाहीत. मी शरबताचा पेला धरून किद्दुशची प्रार्थना म्हटली, पण मोठ्याने, भांडल्यासारखं. दोन घास खाल्ले. ती म्हणाली, एकुलता आहे. मी म्हटलं, माहीत आहे मला.

रात्रभर मी एवढंच घोळवत होतो की ती माणसं नाही म्हणू शकत नाहीत. नाही म्हणणारा दुसरा कोणी पाहिजे.

सकाळी मी पांढरा शर्ट घातला, टोपी घातली आणि देवळाच्या उलट्या दिशेला चालू लागलो. साईटवरच्या शेवटच्या घराच्या खिडक्या बंद होत्या, आतून टाईल कापायचा आवाज येत होता. मी आत गेलो. धुळीने सगळे पांढरे झालेले. माझा माणूस मशीनवर वाकला होता. मला बघून त्याने ते बंद केलं आणि परत तीच खूण केली, नको. मी त्याला बाजूला सारलं, मशीनची वायर भिंतीतून काढली, गुंडाळून मांडीवर घेतली आणि मशीनवर बसलो. त्याला म्हटलं, तुझ्या काब्लानला फोन कर. सांग, आम्ही कामाला तयार आहोत, पण तुमचा बाप मशीनवर बसला आहे आणि उठत नाही.