गोळीला सुट्टी

अंधेरीच्या इस्पितळात ती वेसाव्याची मासळीवाली नेहमी माझ्या शेजारी बसायची. हातांना वास राहिला की काय म्हणून बोटं सारखी पदराला पुसायची. दोघींना स्तनाचा कॅन्सर, दोघींना हार्मोन अडवणारी रोजची गोळी. डॉक्टर म्हणायचे, काही पेशी हार्मोनवर पोसतात आणि त्यांना एकमेकींशी धरून ठेवणारं प्रथिन सुटलं की अंगभर पसरतात.

पावसाळ्यात मासेमारी बंद, होड्या किनाऱ्यावर. हिने गोळीलाही सुट्टी दिली. आता आजार हाडात उतरला होता.

"बंदीत मासली थांबते काय?" ती शांतपणे म्हणाली. "तवाच तर वाढते. मी कोलीन असून मनाच कललं नाय."

मग माझ्याकडे वळली. "तू घेतली काय आज?"

तिने पाण्याची बाटली उघडून पुढे केली.