विटांचा गेम

अर्धांगवायूने मावशीचा उजवा अंगठा अडून बसला. त्याला व्यायाम म्हणून मी हातात धरून खेळायचा महागडा, चकचकीत गेम तिला नेऊन दिला. त्याने आधी वाय-फाय मागितलं, मग पासवर्ड, मग अपडेट. मावशीने वरून विटा पडणारा जुना गेम कपाटातून काढायला लावला. सेल संपत आले की ती ते उन्हात ठेवते. आणखी दोन डाव निघतात. एक गेम घरोघरी पोचतो, दुसरा धूळ खातो, ते याचमुळे असावं: जुना बटण दाबताच सुरू होतो. खेळायला बसलेल्या माणसाला ताटकळत ठेवू नये.

विटा वरपर्यंत साचल्या, डाव गेला.

"मावशी, पुरे आता."

"गप गं. हरलेय मी, दमले नाहीये."

डाव्या हाताने तिने उजवा अंगठा उचलून बटणावर ठेवला. बटण दाबलं मात्र त्या अंगठ्यानेच.