उजवी बाजू

मंगळवारी सकाळी आई उठली नाही. मी चहाचा कप खाली ठेवला आणि डॉक्टरांना फोन केला.

तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. पुस्तक उघडतो, अर्धं पान वाचतो, उठून तिच्या खोलीत जातो, कॉटकडे पाहतो आणि परत येतो.

आईला वडूजहून सांगलीला आणून दोन वर्षं झाली होती. गावी ती जमिनीवर वाकळ टाकून झोपायची. गुडघे धरले म्हणून इथे कॉट घेतली. पहिल्याच आठवड्यात ती झोपेत खाली पडली, तेव्हा मी कॉट पूर्वेच्या भिंतीला लावली, डोकं दक्षिणेला. त्यामुळे तिची उजवी बाजू भिंतीकडे गेली. उतरायचं तर डावीकडूनच, आणि आईनं जन्मात कधी डाव्या अंगानं अंथरूण सोडलं नव्हतं.

ती बसल्या बसल्या पायथ्याकडे सरकायची, वीतवीतभर, आणि तिथून उतरायची. दहा मिनिटं लागायची.

"आई, इकडून उतर की."

"डाव्या अंगानं उठलं की समदा दीस वाकडा जातुय. तुला न्हाई कळायचं, तू शिकलेला हायस."

माझी सगळी नोकरी इंग्रजी शिकवण्यात गेली. मी तिला सांगितलं, सकाळपासून चिडचिड करणाऱ्याला इंग्रजीतही 'पलंगाच्या भलत्या बाजूनं उठलाय' म्हणतात. कपाटातून कोश काढून समजावलंही. भलती बाजू म्हणजे बहुधा डावी. डावं ते अशुभ, असा तिकडचा जुना समज. लॅटिनमध्ये डाव्याला जो शब्द, त्यातूनच इंग्रजीत अनिष्टाचा शब्द आला.

आई खूश झाली. "म्हंजी सायबाला बी ठावं हाय! आन् सायबाची भाषा शिकवून ज्यानं पोट भरलं, त्या माझ्या लेकाला न्हाई."

मी हसलो.

"हसतुस काय? कॉट कवा हलवतुस, ते सांग."

कॉट फिरवली असती तर डोकं उत्तरेला आलं असतं. ते शक्यच नव्हतं. राहिली पश्चिमेची भिंत. तिथे माझं पुस्तकांचं कपाट होतं. सगळी पुस्तकं उतरवा, कपाट सरकवा, पुन्हा लावा.

"सुट्टीत करू," मी म्हणालो.

मला निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती. आईनं ते बोलून दाखवलं नाही. दुसऱ्या दिवशी ती पायथ्याकडेच सरकली. त्यानंतरही, रोज.

कोशातली नोंद मी परवा पुन्हा वाचली. आईला समजावलं त्या दिवशी त्यातलं काही सांगायचं राहिलं नव्हतं. कोश जिथून काढला ते कपाट तेवढं जागचं हललं नव्हतं.

तेरावा झाल्यावर मी ते एकट्यानं हलवलं. सव्वा तास लागला.

कॉट आता पश्चिमेच्या भिंतीला आहे. उजवी बाजू मोकळी आहे.